बोकडाला आराम

गेल्या जत्रेत आण्णाप्पाचा बोकड इतका हडकुळा निघाला, की निपाणीचे व्याही महादेव भर पंगतीत म्हणाले, “इवाई, बोकड रश्श्यात शिजलंय, का नुसतं आंघोळ करून गेलंय?”

पंगत हसली. वाढणारे हसले. आण्णाप्पाची स्वतःची लेक रचना पदराआड हसली. तेव्हापासून आण्णाप्पाला एकच ध्यास लागला. यंदाच्या लक्ष्मीच्या जत्रेला असा बोकड उभा करायचा, की व्याह्यांच्या तोंडून शब्द फुटता कामा नये.

बोकड आणला. तो खायचाही भरपूर. पण अंगाला काही लागेना. शेवटी बेळगावच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारा पुतण्या रविराज घरी आला, तेव्हा आण्णाप्पानं त्याला थेट गोठ्यात नेलं.

“बघ की रं. खातंय हत्तीवानी आन् दिसतंय काटकीवानी.”

“काका, सगळीकडं असंच असतंय. उन्हातली शक्ती गवतात जाते, गवतातली बोकडात, बोकडातली आपल्यात. पण दर टप्प्याला गळती हाय. दहा हिस्सं खाल्लं तर अंगाला लागतोय एकच.”

“आन् बाकीचं नऊ कोण खातंय?” आण्णाप्पानं शेजारच्या कोंबड्यांकडे संशयानं पाहिलं.

“कोण न्हाय खात. चालण्यात, वरडण्यात, उड्या मारण्यात, अंग गरम ठेवण्यात जातंय.”

रविराज चहा पिऊन गेला. आपण माहिती दिली असं त्याला वाटलं. आण्णाप्पाला वाटलं, औषध दिलं.

दुसऱ्या दिवशी बोकडाचं चालणं बंद झालं. पाणी त्याच्या तोंडाशी आलं, चारा तोंडाशी आला. अंग गरम ठेवायला शक्ती लागू नये म्हणून बायकोची, नागुबाईची, नवी चादर त्याच्या पाठीवर आली. जवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर विमान उतरताना तो दचकून चारी पायांवर उडायचा, म्हणून कानात कापूस आला. आणि दहातला एकच हिस्सा अंगाला लागतो म्हटल्यावर आण्णाप्पानं हिशेबानं दहापट हरभरा आणून सोप्यात पोत्यांची थप्पी लावली.

“अवो, घरात माणसांनी बसायचं कुटं?” नागुबाईनं विचारलं.

“मोठ्यानं बोलू नगंस. बोकड दचकंल.”

बोकडाला हा बेत फारच मानवला. तो लोडाला टेकल्यासारखा पडून राही आणि हरभरा आवडला नाही तर फक्त एक डोळा मिटी. ऊन सरकलं की आण्णाप्पा त्याला खांद्यावर घेऊन सावलीत नेई. माश्या बसल्या की टॉवेलनं हाकलून लावी. बोकड फुगत चालला आणि आण्णाप्पा वाळत चालला.

“गळती कुटं न्हाय,” नागुबाई त्याची ढिली झालेली बंडी बघून म्हणाली. “तुमचं सगळं त्येच्यात उतरालंय.”

जत्रेचा दिवस उजाडला. अंगणात मांडव, मांडवात पाहुणे, चुलीवर परतलेल्या मसाल्याचा घमघमाट. महादेव सकाळीच निपाणीहून आले आणि बोकडाला प्रदक्षिणा घालून गप्प बसले. आण्णाप्पाला वाटलं, जिंकलो!

आता फक्त देवीचा कौल राहिला होता. गावची रीत अशी, की पूजा झाल्यावर बोकडावर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं, की देवी राजी. झाडेपर्यंत सुरीला हात लावायचा नाही.

पुजारी रवळूमामांनी तांब्यातून पाणी शिंपडलं. बोकडानं एक डोळा मिटला.

पुन्हा शिंपडलं. त्यानं दुसराही मिटला.

“हलगी वाजवा रं!” मामा ओरडले. हलगी कडाडली. कानात कापूस असलेला बोकड शांतपणे रवंथ करत राहिला. महिनाभर अंगातली शक्ती वाचवायला शिकलेला जीव, दोन थेंबांसाठी ती उधळणार थोडाच!

“आण्णाप्पा, काय चूक घडली का देवीची?” कुणीतरी विचारलं.

“न्हाय की गा! नुसता आराम दिलाय.”

मांडवात पोरं रडू लागली. मोठी माणसं रडत नव्हती, पण पत्रावळ्यांकडे बघत होती. अखेर रवळूमामांनी विहिरीच्या गार पाण्याची अख्खी घागर उचलून ओतली. बोकडाला धरून बसलेला आण्णाप्पा नखशिखांत भिजला आणि शेंडीपासून टाचेपर्यंत थडथडला.

“झाडलं! झाडलं!” मागच्यांनी आरोळी ठोकली.

“गप बसा,” मामा म्हणाले. “बोकडानं न्हाय, आण्णाप्पानं झाडलं.”

“मग देवी आण्णाप्पावर राजी हाय म्हणायची!” मांडवातून आवाज आला.

“माज्या कुकवाकडं तरी बगा, मेल्यांनो!” म्हणत नागुबाई पुढं झाली. तिनं भिजलेल्या नवऱ्याला बाजूला ओढलं, चुलीवरचा मसाला पाहिला, मग सोप्यातली थप्पी पाहिली. “रविराज, त्यो हरभरा उचल. पेंडीसारखी पोरांची तोंडं वाळल्यात. बोकडासाठी भिजवत ठेवलेलं पातेलं आदी चढवू दे.”

जत्रेला आलेल्या रविराजचा चेहरा उजळला. “काकू, शास्त्र बी हेच सांगतंय! मधला टप्पा गाळला की तिथली गळती वाचली. बोकड खाऊन जेवढी माणसं जेवली असती, त्येच्या दहापट...”

“शास्त्र मागनं. कांदं चिर.”

बोकडाच्या वाटणीच्या मसाल्यात बोकडाच्या वाटणीचा हरभरा शिजला. पाहुणे जेवले, शेजारगल्ली जेवली, वाट चुकून आलेले दोघं जेवले, हलगीवाले दोनदा जेवले, तरी पोती उरलीच.

आण्णाप्पा मात्र पंगतीत न बसता नुसता वाढत राहिला. महादेवांनी चौथ्यांदा रस्सा घेतला, हात धुतले आणि त्याला खुणेनं गवताच्या गंजीमागं बोलावलं. आता टोमणा येणार म्हणून आण्णाप्पानं मान खाली घातली.

“इवाई,” महादेव इकडंतिकडं बघत हळूच म्हणाले, “आमची बी जत्रा आलीया. पाव्हणं मोजता येईनात एवढं. एका बोकडात कुणाकुणाच्या तोंडाला पुरं पडू? ह्यो बोकड एक दिस द्या की.”

“कापायला?”

“छ्या! झाडत न्हाय म्हणून तर मागालोय. देवीचा बी मान ऱ्हातोय, आन् हरभऱ्यात सगळी जत्रा जेवून जातीया!”

आण्णाप्पाची मान वर्षभरात पहिल्यांदा ताठ झाली. ओली बंडी झटकत तो म्हणाला, “दिला की. पर तुमचा लंबर दुसरा.”

“आन् पैला कुणाचा?”

“रवळूमामांचा. उद्या त्येंच्या घरचं जत्रंचं जेवण हाय. हात धुवायच्या आदीच सांगून गेल्यात.”