सुनेच्या वाटणीचे नमस्कार

दहा वाजून पाच मिनिटांनी जिपारचा चेहरा पडद्यावरून पहिल्यांदा नाहीसा झाला, आणि राजधानी बिश्केकमध्ये आपल्या घरी बसून तोंडी परीक्षा घेणाऱ्या चिनारा मॅडमना त्या जागी फक्त मेंढ्या दिसल्या.

"जिपार! कुठे गेलीस?"

"इथंच आहे, मॅडम." चेहरा परत आला. डोक्यावरचा रुमाल तेवढा सरकला होता.

"खाली काय वाचत होतीस?"

"वाचत नव्हते. वाकले होते. एसेनगुल आजोबा चालले होते."

मॅडमनी वहीत एक रेघ ओढली. नियम स्पष्ट होता. चेहरा तीनदा चौकटीबाहेर गेला, की परीक्षा रद्द आणि वर्ष वाया.

साथीमुळे कॉलेज बंद पडले होते आणि परिचारिकेच्या शिक्षणाचे शेवटचे वर्ष जिपारने मोबाईलवरच काढले होते. उच-बुलाक गावात रेंज एकाच ठिकाणी मिळे, उन्हाळी कुरणाकडे चढणाऱ्या वाटेच्या वळणावर. जिपारने दोन दिवस आधी जागा पाहून ठेवली होती. ऊन डोळ्यांवर येत नाही ना, वारा आवाज खात नाही ना, हे तपासून तिने मोबाईल एका धोंड्याला टेकवला होता. एकच गोष्ट तिच्या हिशेबातून निसटली. कळप एरवी पहाटेच वर जात. यंदा साथीच्या बंदोबस्तामुळे नाक्यावरचे शिपाई नऊच्या आधी कुणालाच सोडत नव्हते. त्यामुळे सारे गाव, घोडी, गाढवे आणि मेंढ्यांसह, नेमके परीक्षेच्या वेळी वळणावर येऊन ठेपले होते.

गावातले वडीलधारे समोरून जात आहेत आणि सून बसून आहे, ही गोष्ट उच-बुलाकमध्ये कुणी कधी पाहिली नव्हती. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी, तुर्दुकान आपांनी, बजावले होते, "हवं तेवढं शीक. पण माझ्या सुनेला म्हाताऱ्यांपुढं बसलेली कुणी बघता कामा नये." उठायचे, छातीशी हात बांधायचे आणि तीनदा वाकायचे. त्यात सूट नव्हती.

"पुढचा प्रश्न," मॅडम म्हणाल्या. "रुग्णाला ताप आहे आणि धाप लागली आहे. प्रथम काय करशील?"

"श्वास मोजीन, मॅडम. मिनिटाला जर..."

आणि मेंढ्या पुन्हा दिसल्या.

"जिपार!"

"तोक्तोसून आजोबा होते, मॅडम. बहिरे आहेत. तोंडानं सलाम केला तर पोचत नाही."

"ही दुसरी वेळ," मॅडम कोरडेपणाने म्हणाल्या. दुसरी रेघ पडली.

एवढ्यात गाढवावर कढई लादून खुद्द आपाच वळणावर आल्या. मागून घोड्यांवर बसलेल्या सहा म्हाताऱ्यांच्या पांढऱ्या टोप्या डुलत येत होत्या.

"ऊठ की गं! दिसत नाहीत का?"

"आता उठले तर वर्ष गेलं, आपा," जिपार ओठ न हलवता पुटपुटली. तिचे डोळे भरून आले होते, पण नजर मोबाईलवरून हलली नाही.

आपांनी टोप्यांकडे पाहिले, सुनेकडे पाहिले, आणि गाढवाची दोरी खडकाला बांधली.

"बस तू. लोकांचं मी बघते."

कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने त्या बाजूला उभ्या राहिल्या आणि पहिल्या घोड्यापुढे वाकल्या. एकदा, दोनदा, तीनदा. मग पुन्हा तीनदा.

"तुर्दुकान, सहा वेळा?" म्हातारा दचकला. "माझं काही बरंवाईट झालंय का?"

"तीन माझे, तीन सुनेचे. घ्या मोजून आणि व्हा पुढे."

"सून बसलीय वाटतं आरामात!"

"परीक्षेला बसलीय. तुम्ही कधी बसला असता तर कळलं असतं!"

मागचे पाच जण हसले, आणि एकेक करून आपापले सहा नमस्कार घेत पुढे सरकतानाही हसतच राहिले. तो हशा बिश्केकपर्यंत पोचला.

"तिथे कोण उत्तरं सांगतंय? मोबाईल फिरव बघू!"

जिपारने मोबाईल फिरवला. सहावा घोडेस्वार समोर होता आणि आपा पाचव्यांदा वाकत होत्या. एक हात छातीशी, दुसरा कमरेवर.

"या कोण?"

"माझ्या सासूबाई. माझ्या वाटणीचं वाकतायत, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"शेवटचा प्रश्न. साठीची बाई आहे. गुडघे दुखतायत. काय सांगशील?"

"आठ दिवस वाकायचं नाही. सकाळ-संध्याकाळ शेक घ्यायचा. आणि कढया उचलायच्या नाहीत."

"साठीची कोण?" खडकावर टेकलेल्या आपा उसळल्या. "मी अठ्ठावन्नची आहे! आणि वाकायचं नाही म्हणे. म्हातारे आले तर?"

"तर सुनेनं वाकायचं, आपा," मोबाईलमधून उत्तर आले.

तेवढ्यात वळणावर शेवटचा घोडा दिसला. त्यावर नव्वदीचे बेकतुर आजोबा पेंगत होते. आपा गुडघ्यावर हात देऊन उठू लागल्या.

"बसा, आपा," जिपार म्हणाली, आणि मोबाईल धोंड्याला टेकवून स्वतःच उठली.

पडद्यावर उरले आभाळ आणि एक मेंढी. ही तिसरी वेळ होती. चिनारा मॅडमनी तिसरी रेघ न ओढताच पेनाला टोपण लावले आणि सहाही नमस्कार पुरे होईपर्यंत त्या थांबल्या.