साडू समुद्राला मिळाला

थोरला साडू चाकांच्या खोलीत बसून समुद्रात गेला आणि प्रसिद्ध झाला. पण हे घडलंच नाही असं धरून पुढे वाचावं. धाकट्या साडूनेही तसंच धरून पाहिलं, पण फार दिवस जमलं नाही.

दोघांची हॉटेलं किनाऱ्यावर भिंतीला भिंत लागून. एक दिवस थोरल्याने दर्शनी भागात जुना फोटो टांगला. पाण्याच्या कडेला चाकांच्या लाकडी खोल्या, आणि त्यांत कपडे बदलून पट्ट्यापट्ट्यांच्या पोशाखात समुद्रात उतरणारे शंभर वर्षांपूर्वीचे पाहुणे. खाली पाटी : 'आमचा इतिहास'. फोटोसमोर गर्दी लोटली.

"ताईकडे इतिहास आहे," धाकट्याची बायको म्हणाली. "आपल्याकडे काय आहे?"

"गरम पाणी."

"तेही पाहुणे गेल्यावर येतं."

धाकट्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने सुताराला गाठून तशीच खोली करायला सांगितली.

"जुनी दिसली पाहिजे."

"किती जुनी?"

"साडूपेक्षा."

"मग काळजी नको. माझं नवं कामही महिन्याभरात तसंच दिसतं."

वाळूच्या उतारावर, चाकाखाली दगड लावून खोली उभी राहिली. पाहुणे तिकडे वळले. धाकट्याला शांत झोप लागली. सकाळी पाहतो तर साडूचे पाहुणे त्यांच्या बाल्कनीत चहा पीत खोली न्याहाळताहेत. फुकट!

"माझ्या इतिहासावर त्याचा चहा खपतोय!" असं ओरडत तो किनाऱ्यावर धावला. खोलीची पाठ बाल्कनीकडे फिरवायची म्हणून त्याने दगड काढला.

आत थोरला साडू होता. लाकूड नवं असल्याचा पुरावा हवा म्हणून उठल्या कपड्यांनिशी चोरून शिरला होता आणि नखाने रंग खरवडत होता.

खोली निघाली.

"साडूभाऊ, उडी मारा!"

"आधी कबूल करा, खिळे नवे आहेत!"

लाट आली. दार निखळलं, सुतार शब्दाला जागला. आणि पट्ट्यापट्ट्यांच्या झोपायच्या कपड्यांत थोरला साडू समुद्रात उतरला, हुबेहूब फोटोतल्यासारखा. दोन्ही हॉटेलांच्या बाल्कन्यांतून टाळ्या पडल्या.

आता तो रोज सकाळी उतरतो. त्याच्या हॉटेलात वर्षभर खोली मिळत नाही.

"ताईकडे आता नवराच इतिहास आहे," बायको म्हणाली.

त्याच दिवशी धाकट्याने नगरपालिकेला अर्ज दिला : 'सदर साडू आमच्या मालकीच्या खोलीतून, आमच्याच हस्ते समुद्रात गेले असल्याने ते आमच्या हॉटेलचा वारसा ठरतात. सबब, त्यांना आमच्या दर्शनी भागात कायमस्वरूपी हलवण्यास व खाऱ्या हवेपासून जपण्यासाठी काचेचं कपाट बसवण्यास मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.'