नोरीनबाईंच्या खुब्याचा परदेश प्रवास

मनुष्याच्या शरीरात दोनशे सहा हाडं असतात आणि त्यांतलं एकही सरकारी मालकीचं नसतं. तरीही इंग्लंडात हाड झिजलं की आधी सरकारला कळवावं लागतं, आणि सरकार ते हाड मोठ्या आपुलकीने एका यादीत लिहून घेतं. यादीत नाव लागलं की रुग्णाची काळजी मिटते. (दुखणं मिटत नाही, ते दुसऱ्या विभागाकडे येतं.)

यॉर्कशरमधल्या क्लफब्रिज गावच्या नोरीन बॅराक्लफ यांचा उजवा खुबा या यादीत दाखल होऊन सव्वादोन वर्षं झाली होती. बाईंचं वय बहात्तर. एकतीस वर्षं त्यांनी शाळेसमोर पिवळा कोट घालून, हातात गोल पाटी धरून पोरांना रस्ता ओलांडून दिला. आता त्यांना स्वतःला रस्ता ओलांडायला इतका वेळ लागे की मोटारवाले इंजिन बंद करून थर्मासमधला चहा ओतून घेत. बाई प्रत्येक मोटारीला हात करून माफी मागत, त्यामुळे आणखी वेळ लागे.

यादीचं काम मात्र चोख होतं. पहिलं पत्र आलं, की आपलं नाव यादीत घेतलं आहे. दुसरं आलं, की यादी फार लांबल्यामुळे तिचे दोन भाग केले असून आपण दुसऱ्या भागात आहात. तिसऱ्यात विचारलं होतं, की आपण अजून आहात का? (‘आहे’ किंवा ‘नाही’ यावर खूण करावी. ‘नाही’ असल्यास चौदा दिवसांत सही करून परत पाठवावं.) नोरीनबाईंनी ‘आहे’वर खूण केली आणि खाली लिहिलं, ‘तसदीबद्दल क्षमस्व.’ चौथं पत्र या उत्तराबद्दल आभार मानणारं होतं. सुरुवातीला त्यांचा क्रमांक एक हजार चारशे बारा होता, तो वर्षभरात एक हजार चारशे तीस झाला. अठरा माणसं पुढे घुसली, पण त्यांना जास्त गरज असेल, असं म्हणून बाईंनी विषय संपवला.

खरी अडचण होती ती जिन्याची. जिन्याला तेरा पायऱ्या होत्या आणि झोपायची खोली वर होती. चौदा महिन्यांपासून नोरीनबाई खाली बैठकीतल्या कोचावर झोपत होत्या आणि त्यांचा नवरा क्लिफर्ड वर पलंगावर. दोघं कोचावर मावत नसत. रोज रात्री नऊ वाजता क्लिफर्ड वरून जमिनीवर दोनदा बूट आपटे, म्हणजे ‘झोप आता’. नोरीनबाई खालून झाडूच्या दांड्याने छताला दोनदा ठोकत, म्हणजे ‘तूही’. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात बोलायचं बरंचसं बोलून झालं होतं, त्यामुळे एवढं पुरत असे. तरी कधीकधी ठोकून झाल्यावर बाई दांडा हातात धरून छताकडे बघत पडून राहत.

अशात समोरच्या बेरिल पिकल्स लिथुएनियातल्या काउनास शहरी जाऊन गुडघा बदलून आल्या आणि गल्लीची घडी विस्कटली.

पूर्वी या गल्लीत माणसाची पत ठरायची ती स्पेनला किती दिवस जाऊन आला यावर. आता ती सांध्यांवर ठरू लागली. पोलंडचा गुडघा बरा समजला जाई, लिथुएनियाचा खुबा त्याहून वरचा, आणि कोपऱ्यावरच्या खाटकाचा मेहुणा भारतात जाऊन एका खेपेत दोन्ही गुडघे करून आला तेव्हा लोक त्याला भेटायला केक घेऊन गेले. बेरिलबाईंनी आपल्या गुडघ्याचं क्ष-किरण चित्र चौकटीत बसवून नातवंडांच्या फोटोंच्या मधोमध टांगलं होतं. दिवसातून चार वेळा त्या काही काम नसताना गल्ली चढून उतरत.

“अगं नोरीन, अजून काठीच का?” उतरताना त्या विचारत.

“तिची सवय झालीय गं.”

“सवय कसली! जा तिकडे. आठ दिवसांत पायावर उभं करतात. मी तर विमानतळावर धावले.”

“का गं? उशीर झाला होता?”

“छे! आता येतं म्हणून धावले.”

बॅराक्लफ दांपत्याने सुट्टीत मोटारीमागे जोडून न्यायची कॅरव्हान विकली आणि काउनासची तारीख घेतली. पण एक नैतिक पेच उरला होता, रांग सोडण्याचा. या देशात माणसाला बायको सोडता येते, धर्म सोडता येतो, युरोपसुद्धा सोडून झाला; पण लागलेली रांग सोडून जाणं म्हणजे मागच्याने आपल्यावर टाकलेल्या विश्वासाचा घात असतो. म्हणून नोरीनबाईंनी इस्पितळाला रीतसर फोन केला. फोनवर कळलं, की फोनच्या रांगेत त्या सदतिसाव्या आहेत. पन्नास मिनिटांनी एका मुलीने सांगितलं, की यादीतून नाव काढण्याचे अर्ज सध्या तुंबले आहेत आणि त्यांना साधारण अठरा आठवडे लागतात. “काही घाई नाही,” नोरीनबाई म्हणाल्या. यादी सोडणाऱ्यांच्या यादीत नाव लागल्यावर त्यांना हलकं वाटलं.

विमानात चौऱ्याण्णव प्रवासी होते आणि त्यांच्यात मिळून धड असे एकशे दहा पाय असावेत. क्लिफर्ड घर सांभाळायला म्हणून मागे राहिला होता. नोरीनबाईंच्या पिशवीत चहाच्या एकशे साठ पुड्या होत्या. (परदेशात पाणी मिळतं, पण त्याचं करायचं काय हे तिथल्या लोकांना ठाऊक नसतं.) काउनासला विमान वेळेआधी उतरलं, पण ते रिकामं व्हायला पाऊण तास लागला, कारण प्रत्येक जण दुसऱ्याला ‘आधी तुम्ही’ म्हणत होता.

लिथुएनियाचा माणूस सरळ असतो. त्याला ‘कसे आहात’ विचारलं की तो सांगतो. इस्पितळात पहिल्या दिवशी बिटाचं गुलाबी, थंडगार सूप आलं. नोरीनबाईंनी एक चमचा घेतला आणि घशाखाली उतरायच्या आत ‘छानच आहे’ म्हणाल्या. वाढणारीने ते कागदावर टिपून घेतलं आणि तेव्हापासून त्यांना दोन्ही वेळेला दोन-दोन वाडगे येऊ लागले.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या, ‘स्टोन्किएने’ आडनावाच्या डॉक्टर आल्या. उंच, करड्या केसांच्या, हसण्यात वेळ न घालवणाऱ्या. त्यांनी चित्र उजेडात धरलं.

“बाई, तुमच्या खुब्यात गादीच राहिलेली नाही. हाडावर हाड घासतंय. शून्य ते दहामध्ये किती दुखतं?”

“अहो, कुठे एवढं! जरा कुरकुरतं इतकंच. उगाच तुम्हाला त्रास.”

“आकडा सांगा.”

नोरीनबाईंनी विचार केला. दहा म्हणणं म्हणजे वाटीतली सगळी बिस्किटं स्वतःच उचलण्यासारखं होतं. “दोन?” त्या म्हणाल्या. “चालतील ना दोन? जास्त होत असतील तर दीड लिहा.”

डॉक्टरांनी ‘दीड’ लिहिलं. या इस्पितळाचा अकरावा नियम असा, की सहाच्या खाली दुखत असेल तर कापायचं नाही, आणि दुखण्याचा आकडा रुग्णाच्याच तोंडून यायला हवा. नियम सुंदर आहे. दुखणं ज्याचं त्यालाच ठाऊक, हे त्यामागचं तत्त्व कुठल्याही संताला पटेल.

“म्हणजे तुम्ही बऱ्या आहात,” डॉक्टर म्हणाल्या. “अभिनंदन. गुरुवारचं विमान आहे.”

“थँक यू,” नोरीनबाई म्हणाल्या, कारण अभिनंदनाला तेच म्हणतात. डॉक्टर गेल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. तेरा पायऱ्या होत्या तिथेच राहिल्या होत्या, आणि आता विकायला कॅरव्हानही नव्हती.

त्या कक्षात सहा इंग्रज होते आणि सहाही जण बरे निघाले. हल शहरच्या एका बाईंनी ‘एक’ हा आकडा सांगितला होता. ग्रिम्सबीचे निवृत्त नळजोडणीवाले डेस्मंड ओलरेनशॉ यांनी शून्य सांगितला होता, कारण डॉक्टरबाई फार दमलेल्या दिसत होत्या. इस्पितळाच्या नोंदींप्रमाणे तपासणीला आलेल्या इंग्रजांपैकी चौऱ्याण्णव टक्के निरोगी होते. (उरलेले सहा टक्के म्हणजे स्कॉटिश आणि बेरिल पिकल्स.) झिजल्या हाडांनिशी इतकं कमी दुखणाऱ्या या वंशाच्या आहारात काय असावं, यावर संचालक एक निबंधही लिहीत होते.

हा निबंध टंकायला आला रासा नावाच्या कारकून बाईकडे. रासाने नऊ वर्षं इंग्लंडात वेकफील्डजवळ बिस्किटांच्या कारखान्यात काढली होती. निबंध वाचून तिने कपाळावर हात मारला आणि त्याच दुपारी संचालकांपुढे एक तक्ता ठेवला. इंग्रज ‘जरा कुरकुरतं’ म्हणाला तर सात समजावेत. ‘तक्रार नाही’ म्हणाला तर आठ. ‘इतरांचे हाल बघा’ म्हणाला तर नऊ. दुखण्याबद्दल विचारल्यावर तो हवेबद्दल बोलू लागला तर त्याला ताबडतोब आत घ्यावं. संचालकांनी तक्ता मंजूर केला, पण अकरावा नियम आड आला. आकडा रुग्णाच्याच तोंडून हवा होता. फेरतपासणी बुधवारी दहाला ठरली, आणि मंगळवारी चार वाजता रासाने दुखणं सांगण्याचा वर्ग भरवला.

“उठा, ओलरेनशॉ. म्हणा, ‘मला दुखतं.’”

“मला... म्हणजे तुमची हरकत नसेल तर...”

“हरकत नाही! म्हणा!”

“पूर्वीपेक्षा किंचित...”

“खाली बसा. नोरीनबाई?”

नोरीनबाई उठल्या. उठताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ओठ पांढरे पडले. “आज बाहेर ऊन छान पडलंय, नाही?” त्या म्हणाल्या.

रासाने तक्त्याकडे बोट दाखवलं, पण तक्त्याला तोंड नव्हतं.

संध्याकाळी बाईंनी घरी फोन लावला.

“झालं का गं?” क्लिफर्डने विचारलं.

“उद्या बघू म्हणालेत. तू कसा आहेस?”

“मी ठणठणीत.”

“जेवलास?”

“डब्यातले बीन्स. हे बघ, वर तुझ्या बाजूची चादर बदलून ठेवलीय. ती निळी.” एवढं बोलून त्याने फोन ठेवला. प्रेमाच्या गोष्टी तो नेहमी फोन ठेवता ठेवता बोलत असे.

बुधवारी दहाला डॉक्टर आल्या. पेन उघडलं. “आकडा?”

“दोन...” नोरीनबाई म्हणाल्या आणि थांबल्या. मग काठी बाजूला टाकून त्यांनी पलंगाची कड दोन्ही हातांनी धरली. “नऊ. माफ करा, पण नऊ. कूस वळता येत नाही. मोजा घालता येत नाही. मला वर जायचंय, डॉक्टर. नवरा वर झोपतो आणि मी खाली, आणि आम्ही भाडेकरूंसारखं छत नि जमीन ठोकतो. कंटाळले मी. दुखतं हो, फार दुखतं!”

हलच्या बाईंनी शरमेने मासिक तोंडापुढे धरलं.

“हे आधी का नाही सांगितलंत?” डॉक्टरांनी विचारलं.

“तुम्ही विचारत होतात ते खरं, पण उत्तर हवंय असं मला वाटलं नव्हतं.”

डॉक्टरांनी दीडवर काट मारून नऊ लिहिलं. तेवढ्यात खिडकीजवळून ओलरेनशॉंचा हात वर आला. “माझे आठ,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “सवड असेल तर.”

खुबा उत्तम बसला. बाराव्या दिवशी नोरीनबाई घरी आल्या, पिशवी दारात ठेवली आणि कोट न काढता जिना चढल्या. चांगला पाय आधी, मग नवा, मग काठी. तेरावी पायरी आली तेव्हा त्या मोठ्याने हसल्या. वर निळी चादर सुरकुतीविना अंथरलेली होती. त्या आपल्या बाजूला आडव्या झाल्या.

“ये ना वर!”

“तू हो पुढे,” खालून क्लिफर्ड म्हणाला.

अर्धा तास झाला. मग खालून छताला दोनदा दांडा आपटल्याचा आवाज आला. बाई जिना उतरून खाली आल्या, तर क्लिफर्ड कोचावर गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन पडला होता.

“काय झालं?”

“काही नाही. इथे जरा हवेशीर वाटतं.”

बाईंनी पांघरूण ओढलं. डावा गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता. हळूहळू बाहेर आलं ते असं: गुडघा तीन वर्षांपासून गेलेला होता. रोज बाई झोपायच्या तयारीला न्हाणीघरात गेल्या की तो हातापायांवर रांगत जिना चढे आणि सकाळी त्या उठायच्या आत एकेक पायरी बसत बसत उतरे. चादर बदलायला गेला, ते त्याचं शेवटचं चढणं.

“अरे, मग यादीत नाव का नाही घातलंस?”

“तुझं होतं ना त्यात. एका घरातून दोघांनी रांगेत उभं राहणं बरं दिसत नाही.”

“किती दुखतं? आकडा सांग.”

“दोन,” क्लिफर्ड म्हणाला. “फार तर अडीच.”

इंग्रज लोक हे असे आहेत. त्यांना हसणं सोपं आहे आणि आपण ते मनमुराद केलं. आता हे पान मिटून तुम्ही उठाल. उठताना खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार द्याल, तोंडातून ‘आई गं’ निघेल, आणि आतल्या खोलीतून कोणीतरी विचारेल, “काय झालं?”

“कुठे काय!” तुम्ही म्हणाल.