जागा क्रमांक सत्तावीसमधली अज्ञात बनावटीची गाडी

मोहीम यशस्वी झाली. विक्रोळी ते बोरिवली हे अंतर आम्ही सायकलने कापलं, वाटेत तंबू ठोकून एक मुक्काम केला आणि दोघंही धडधाकट परत आलो. मात्र ज्या सोसायटीत हा मुक्काम घडला, तिच्या कार्यकारिणीने तो घडलाच नसल्याचा ठराव पाच विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला आहे. कायदा पाळणारा नागरिक या नात्याने मीही तो घडला नाही असं समजूनच पुढचं लिहितो.

माणसाला शेवटी साडेतीन हात जागा पुरते, असं थोर लोक सांगून गेले. थोर लोक उपनगरात राहत नव्हते. इथे साडेतीन हात जागा माणसाला शेवटीच मिळते. त्याआधी तिथे गाडी उभी असते.

न घडलेल्या मोहिमेचं कारण असं. माझा मित्र मिथुन घाटकोपरच्या एका लॅबमध्ये दिवसाला चाळीस माणसांचं रक्त काढतो. त्याला ऑगस्टमध्ये मनाली ते लेह सायकलने जायचंय. त्यासाठी त्याने तीन वर्षं रजा साठवली, साहेबांची सही घेतली, गाडीचं तिकीट काढलं. फक्त एक परवानगी बाकी होती. मिथुनचं वय एकोणतीस, म्हणजे आईची परवानगी लागण्याच्या वयाच्या ऐन मध्यावर तो आहे.

त्याची आई, नंदाकाकू, बालवाडीत शिकवतात. त्यामुळे अट त्यांनी अगदी सोप्या भाषेत घातली.

"डोंगरात उघड्यावर झोपणार म्हणतोस ना? आधी इथे झोपून दाखव. सायकलने शकुमावशीकडे बोरिवलीला जा, वाटेत एक रात्र तंबूत काढ. कोणी उठवलं नाही, हाकललं नाही, तर खुशाल जा लेहला. मी डबा भरून देईन."

मिथुनला हे फारच सोपं वाटलं. चौदा हजार फुटांवर श्वास घेण्याचा सराव तो सहा महिने करत होता. समुद्रसपाटीला जागा शोधण्याचा सराव कोणी करत नाही.

विक्रोळी ते बोरिवली अंतर पंचवीस किलोमीटर, म्हणजे सायकलने दोन तास. एवढ्या वेळात मुक्काम कसा पडणार, ही पहिली तांत्रिक अडचण. पण लिंक रोडने ती आपल्या परीने सोडवली. पवईला शेजारच्या मोटारीतल्या एका गृहस्थांनी काच खाली करून विचारलं, सायकलने कुठे निघालात? बोरिवलीला, म्हटल्यावर त्यांनी कीव येऊन काच वर केली. आम्ही उतरलो, चहा प्यायलो, मिथुनने चेनला तेल दिलं, मी एका ओळखीच्याला फोन करून त्याच्याशी भांडलो आणि पुन्हा रस्त्यावर आलो, तर गृहस्थ शेजारीच होते. या वेळी त्यांनी काच खाली केली नाही.

त्या प्रवासात आम्ही एक पाहणीही केली (नमुना : एक रस्ता, एक दुपार, पाहणारे दोघं, पैकी एकाचा चष्मा घरी). तिचे निष्कर्ष असे. उपनगरातली गाडी दिवसाचे तेवीस तास झोपलेली असते. उरलेला तास ती सिग्नलला डुलक्या काढते. तिला झोपायला आठ बाय सोळा फूट लागतात, म्हणजे एकशे अठ्ठावीस चौरस फूट. मिथुनचे वडील चार भावंडांसह ज्या खोलीत वाढले, ती एकशे वीसची होती. गाडी एकटीच असते, पण तिला प्रायव्हसी लागते.

तंबू सात बाय पाचचा. त्यासाठी पहिला प्रयत्न आरेच्या जंगलात झाला. झाडं होती, गवत होतं, म्हशी होत्या, सगळं तंबूच्या कंपनीच्या जाहिरातीसारखं. एका वळणावरच्या गार्डने विचारपूस केली. मिथुनने समजुतीच्या सुरात सांगितलं, बिबट्याला आम्ही घाबरत नाही.

"बिबट्याचं काही नाही हो," गार्ड म्हणाला. "तो इथला आहे. तुम्ही कुठले?"

आम्ही सायकली वळवल्या.

दुसरा प्रयत्न एका बागेत. फाटकावरच्या फलकात सोळा मनाया होत्या. पळणे, खेळणे, बसणे, आडवे होणे आणि (क्रमांक चौदा) विनाकारण थांबणे. आम्ही तो फलक वाचत थांबलो होतो, म्हणून शिट्टी वाजली. तिसरा प्रयत्न पुलाखाली. पण तिथे सुशोभीकरण झालं होतं, म्हणजे जाळीच्या आत फायबरची तीन हरणं आरामात पहुडली होती. चौथा एका मॉलच्या तळघरात. मशीनमध्ये दुचाकी आणि चारचाकी अशी दोनच बटणं होती. सायकलला बटण नाही म्हणून तिकीट नाही आणि तिकीट नाही तर बाहेर कसे जाणार, असा तिथल्या माणसाचा मुद्दा होता. आम्ही अजून आत गेलो नाही, असं मी लक्षात आणून दिलं. तेच तर सांगतोय, तो म्हणाला.

संध्याकाळचे सहा वाजले. आता घरी जाऊ, असं मी सुचवलं. मिथुन फुटपाथवरच्या एका स्कूटरला टेकून म्हणाला, "सौऱ्या, मला लेहला हवा पुरेल रे. इथे जागाच नाही पुरत." त्याचा चेहरा बघून मी मालाडच्या मधुकरकाकांना फोन लावला.

मधुकरकाका माझे सख्खे काका. त्यांची गाडी आठवड्यापूर्वी गॅरेजला गेलेली आणि तेव्हापासून त्यांना स्वस्थता नव्हती. गाडीची काळजी नव्हती, जागेची होती. उपनगरात रिकामी जागा म्हणजे उघडी तिजोरी. ती धरून ठेवावी लागते. त्यासाठी विटा, तुटकी खुर्ची, मेलेल्या तुळशीची कुंडी अशी मान्यताप्राप्त साधनं असतात. काकांनी तिन्ही लावून पाहिली होती. तिन्ही कोणीतरी बाजूला सरकवली होती.

"जिवंत माणूस आसा मां? मग येवा!" काका म्हणाले.

काकांनी जागा क्रमांक सत्तावीस स्वतः झाडून दिली. तंबू उभा राहिला. मिथुनने त्याचा फोटो काढायच्या आत काकांनी त्यावर गाडीचं चंदेरी कव्हर चढवलं आणि खालून दोरी आवळली. सोसायटीच्या नियमाप्रमाणे त्या जागेत वाहनाखेरीज काहीही ठेवता येत नाही. कव्हर घातल्यावर तंबू थोडा बसका, पण चांगल्या घरातला वाटायला लागला. मी वर काकांकडे कोळंबीचं कालवण जेवून गादीवर झोपलो (मोहिमेला तळ आणि शिखर दोन्ही लागतात).

रात्री काहीही झालं नाही. उपनगरात काही न होणं हा थरारक अनुभव असतो, पण त्याचं वर्णन करता येत नाही. वॉचमनने दोनदा फेरी मारली आणि दोन्ही वेळा कव्हर नीट केलं. शेजारच्या जागेवाल्यांनी आपली गाडी लावताना सहा इंच अंतर सोडलं. एवढा मान मिथुनला त्याच्या लॅबमध्येही मिळत नाही.

सकाळी साडेसहाला गाड्या पुसणारा धम्मपाल आला. त्याने कव्हर काढलं, तंबू ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्या. पुसताना तंबूची चेन सापडली, ती उघडली आणि आतून मिथुनचं डोकं बाहेर आलं. तो जागाच होता, त्यामुळे कोणी उठवलं असं म्हणता येणार नाही.

धम्मपालने डोक्याकडे पाहिलं. "आतून पुसायचं रविवारी असतं," तो म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे गेला.

आम्ही दहा वाजता बोरिवलीला पोचलो. शकुमावशींनी पोहे दिले आणि पुरावा मागितला. मिथुनकडे एकच फोटो होता : चंदेरी कव्हर, शेजारी काका अभिमानाने उभे. मावशींनी तो बहिणीला पाठवला. नंदाकाकूंचं उत्तर लगेच आलं : हा तर गाडीत झोपला.

मग लेखी दाखला आणायचं ठरलं. सोसायटीचे सेक्रेटरी राजेशभाई सज्जन माणूस. त्यांनी आम्हाला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि अडचण सांगितली.

"तंबू होता लिहिलं, तर उद्या कोणीतरी विचारेल परवानगी कोणी दिली. माणूस झोपला लिहिलं, तर पोलिसांना कळवलं का विचारेल. गाडी होती लिहितो ना. गाडीला कोण काय विचारतो?"

त्याप्रमाणे कार्यकारिणीची बैठक झाली आणि शिक्क्यासह पत्र मिळालं : 'जागा क्र. २७ मध्ये उक्त रात्री कोणताही तंबू अथवा इसम आढळून आला नाही. अज्ञात बनावटीची एक गाडी शिस्तीत उभी होती. तिच्याबद्दल कोणाचीही तक्रार नाही.'

नंदाकाकूंनी पत्र दोनदा वाचलं. त्यांच्याही चेहऱ्यावर जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं.

"म्हणजे तुला नाही रे झोपू दिलं त्यांनी. गाडीला दिलं," त्या म्हणाल्या. "परत झोप. कव्हर न घालता, मिथुन म्हणून. मग जा."

मिथुनने मान डोलावली. लेहच्या मोहिमेची गाडी नऊ ऑगस्टला सुटते. काकांची गाडी गॅरेजमधून परत आली आहे. बाकी सर्व तयारी झाली आहे.

तरी सर्व वाचकांस या पत्राद्वारे विनंती करण्यात येते की, वरील मजकूर वाचताना ज्यांना ज्यांना 'कोणीतरी या मुलाला जागा द्यायला हवी' असं मनापासून वाटलं, त्यांनी येत्या शनिवारी संध्याकाळी सात ते रविवारी सकाळी सात या वेळेत आपली गाडी स्वतःच्या जागेवरून काढून इतरत्र उभी करावी व जागेचा क्रमांक लेखी कळवावा. अर्जदाराची लांबी पाच फूट सात इंच, रुंदी किरकोळ. धूर नाही, हॉर्न नाही, घोरणं मध्यम. इतरत्र म्हणजे कुठे, असा प्रश्न पडल्यास तो पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर स्वच्छ अक्षरात लिहून खाली आपली सही करावी.