मर्कटरावांचं जाळं आणि गोदाक्का घूस

एका जंगलात, बाळांनो, रानडुकराला खरूज झाली. एकट्या रानडुकरालाच.

तरी सिंहमहाराजांनी मर्कटरावांना बोलावलं. मर्कटराव सात डोंगरांपलीकडं शिकून आले होते. येताना संगणक घेऊन आले होते.

"कोण कोणाला भेटतं तेवढं कळू द्या महाराज. खरूज कुठं जाणार ते संगणक सांगेल."

मर्कटराव माहिती काढायला निघाले. पहिलं घर रानडुकराचं.

त्या जंगलाची एक रीत होती. पाहुण्याला आपल्या अंथरुणावर बसवल्याशिवाय घरची गोष्ट सांगायची नाही. मर्कटराव एकशे बारा अंथरुणांवर बसले. शास्त्रासाठी बसावं लागतं.

गोदाक्का घूस तेवढी घरी नव्हती. ती सुईण. कोणाच्या तरी बाळंतपणात अडकली होती. तिची माहिती शेजाऱ्यांनी हौसेनं दिली.

दरबारात पडद्यावर जाळं उमटलं. प्राणी म्हणजे गाठ, भेट म्हणजे धागा. सगळ्यात जाड गाठ गोदाक्काची.

"मंगळवारपर्यंत अख्खं जंगल खाजवेल," मर्कटराव म्हणाले. "ही गाठ कापली तरच थांबेल."

गोदाक्काला नदीपलीकडं जायचा हुकूम झाला. बीळ जाणार, आणि इकडं हरिणीचे दिवस भरलेले.

"मर्कटराव, माझ्या अंगावर एक फोड दाखवा."

"येईल, आक्का. संगणक खोटं बोलत नाही."

गोदाक्कानं डोळे बारीक करून जाळं न्याहाळलं. "ह्यात तुमची गाठ कुठाय हो?"

"माझी? जाळं विणणारा जाळ्यात कसा असेल?"

"आणि एकशे बारा अंथरुणं?"

दरबारात इकडून तिकडून खाजवल्याचा आवाज येत राहिला.

महाराज न्यायी होते. म्हणाले, "आक्काच्या बोलण्याची शहानिशा झालीच पाहिजे. मर्कटराव, घरोघर जा. 'मी तुमच्याकडं आलो होतो का?' असं विचारून या."

"आणि तोवर मी?" गोदाक्कानं विचारलं.

"तोवर तू पलीकडं."

मर्कटराव पुन्हा एकशे बारा अंथरुणांवर बसले.

मंगळवारी अख्खं जंगल खाजवत होतं. "आक्काला घालवायला जरा उशीर झाला," मर्कटराव म्हणाले. "पण अंदाज बघा, एका फोडानं चुकला नाही!" महाराजांनी एका पंजानं खाजवत दुसऱ्या पंजानं त्यांना शाल दिली.

त्या दुपारी हरिणी नदी ओलांडून गेली. गोदाक्कानं आधी तिला कडुनिंबाच्या पाल्यानं घासून काढलं, मग बाळंत केलं. पाडसाच्या अंगावर एक फोड नव्हता.

ही बातमी मर्कटरावांच्या कानावर गेली. माहिती घ्यायला ते लगेच नदीकडं निघाले.

तात्पर्य : भाकीत खरं ठरायला हवं असेल, तर नुसतं संगणकावर विसंबू नये. थोडी पायपीट आपणही करावी.