यंदा कोणाच्या मैदानावर?

वेळापत्रक आखावं तर मीच! लॅक्रॉस म्हणजे जाळीच्या काठीनं चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ; आमच्या लॅक्रॉस कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या संघटनेत, हे सगळेच मान्य करायचे. डोंगराच्या अल्याडपल्याड विखुरलेली कॉलेजं, प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं. एका वर्षी आमच्या मैदानावर, पुढच्या वर्षी त्यांच्या. आमची टीम क्लबची. म्हणजे कॉलेजचं नुसतं नाव, बाकी व्हॅन, पंच, सँडविचेस सगळं आपापलं! माझा नवरा ऑरिन फुकटचा कोच आणि मी फुकटची सेक्रेटरी.

त्या वर्षी मोंटानातला बर्फ हटेना आणि ऑरिनची फुप्फुसं साथ देईनात. डॉक्टरांनी उन्हाळ्याबद्दल बोलणंच सोडलं होतं. त्याला एकच सामना बघायचा होता, घाटापलीकडच्या वेंडेलच्या टीमशी. तरुणपणी एकमेकांच्या बरगड्यांवर काठ्या हाणता हाणता हे दोघं मित्र झालेले.

"मार्व्हा, यंदा त्याच्याकडे जायचंय ना?"

"हो रे बाबा. सगळं आखलंय. तू नुसता गाडीत बस!"

आदल्या संध्याकाळी त्याला नीट झोप लागावी म्हणून मी फोनची वायर काढून ठेवली. तिथेच माशी शिंकली!

पहाटे ऑरिनला ब्लँकेटात गुंडाळलं, ऑक्सिजनचं नळकांडं काठ्यांच्या ढिगात खोचलं आणि निघालो. घाट ओलांडून पोचतो तर मैदानावर चिटपाखरू नाही! जिमची राखणदार इल्सा धावत आली.

"अहो, तुम्ही इथे? ते सगळे तुमच्याकडे गेलेत! वेंडेल सारखा फोन करत होता. कोणी उचलेना, तेव्हा म्हणाला, ऑरिनचं फारच बिघडलेलं दिसतंय, तो कसला येतोय! आपणच जाऊ. पंचांनासुद्धा गाडीत कोंबून नेलंय."

पहाटेच्या अंधारात घाटात चुकामूक झाली असणार. आम्ही गाडी उलटी फिरवली. तिकडे वेंडेलनंही तेच केलं होतं! घाटमाथ्यावर समोरून एक व्हॅन आली, खिडक्यांतून साळिंदराच्या काट्यांसारख्या काठ्या बाहेर. दोन्ही गाड्यांनी करकचून ब्रेक मारले.

वेंडेल उतरला तोच भांडत. "गाढवा, श्वास पुरत नाही आणि घाट चढतोस?"

"पाळी माझी होती!"

"मग फोन उचलायला काय झालं होतं?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी डोंगर बघू लागले.

तिथल्या पेट्रोल पंपामागे रोडिओचं, म्हणजे उधळत्या बैल-घोड्यांवर बसायच्या खेळांचं, रिकामं मैदान होतं. पोरांनी गवताचे भारे रचून गोलपोस्ट केले. पंच म्हणाले, "हे धरलं जाणार नाही हं. ठरल्या मैदानावर पंचांसमोर कोणीच वेळेत नव्हतं. दोघंही हरलात."

"वेंडेल, जन्मात पहिल्यांदा आपण एकत्र हरलो रे!" ऑरिन हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. पोरं थांबली. त्यानं हात उडवला. "खेळा की, मठ्ठांनो!"

मग पोरं खेळली. जाळीतून कधी चेंडू सुटायचा, कधी बैलांचं शेण! दोन्ही म्हातारे घडीच्या खुर्च्या जोडून, एका ब्लँकेटात बसून, दोन्हीकडच्या पोरांना शिव्या देत होते. गोल कोणीच मोजले नाहीत.

अंगणातली लायलॅक फुलायच्या आत ऑरिन गेला.

पुढच्या वर्षी कॉन्फरन्सनं कळवलं, तो सामना झालाच नाही, त्यामुळे जायची पाळी पुन्हा तुमचीच. या खेपेला मी फोन वायर जोडूनच ठेवला. वाजला नाही. म्हटलं, चला, वेंडेल शहाणा झाला!

पोचलो. मैदान रिकामं!

इल्सा हळूहळू आली. "तुमच्याकडेच गेलाय. म्हणाला, मार्व्हा एकटी घाट कशी चढेल? मी म्हटलं, निदान फोन तरी कर. तर म्हणे, काय उपयोग, ते लोक उचलतच नाहीत!"

मला हसू आवरेना. "ऐकलंस?" म्हणत मी शेजारच्या सीटकडे वळले. तिथे ऑरिनची घडीची खुर्ची होती, मीच पट्टा लावून बसवलेली.

पुढून आमचा कॅप्टन टकर हळूच म्हणाला, "मिसेस ऑल्सेन, रोडिओच्या मैदानावर ना?"

वेळापत्रक आता तोच आखतो.