जर्सीखान्याची हकीकत

श्रीमैदानेश्वर प्रसन्न. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघमासी धन्याची आज्ञा जाहली की जर्सीखान्याचे वर्तमान साद्यंत लिहिणे. त्यावरून डोळां देखिले ते लिहिले. तोंडपूजा केली नाही, जेथे केली तेथे पोटासाठी केली.

राज्याचे धनी राजश्री सर्जेराव तोडकर यांनी जन्मांत एकदाच चेंडूस पाय लाविला, तो मुरगळला. परंतु चषकाचे अंतिम सामन्यांत खेळाडूंनी घातलेल्या जुन्या जर्सी जमा करण्याचा नाद बहुत, आणि काचेच्या चाळीस पेट्या करविल्या, आणि हातमोज्यांविना जर्सीस कोणी हात लावू नये, धुण्याचे नांव काढू नये, घामाचा डाग दिसेल तेथे मुजरा करावा, ऐसा कायदा केला. एकोणचाळीस पेट्या भरल्या, एक रिकामी राहिली, आणि धन्यास अन्न गोड लागेना. शके एकोणीसशे आठचे अंतिम सामन्यांत गोलकीपर सुबराव कवठेकर यांनी पेनल्टी अडवून चषक आणिला, ती पिवळी जर्सी सुबरावांचे घरी दोरीवर वाळत होती. मग धनी स्वतः पायी गेले आणि सुबरावांनी भिडेस पडून जर्सी दिधली. पाहतां बाहीस पांढऱ्या दोऱ्याचा बोटभर रफू! मग दूरदेशीचे जाणकारास फोनवर दाखविले. तो वदला, रफू मागाहूनचा, अस्सलपणास बट्टा. मग दरबारचा शिंपी चिमटा घेऊन तीन दिवस बसला आणि टाका टाका उसविला, आणि फाटकी बाही पाहून धन्याचे डोळां पाणी आले.

मग पेटी उघडण्याचा समारंभ मांडिला आणि सुबराव सपत्नीक आले. त्यांचे कुटुंब आक्काताई काचेस नाक लावून म्हणाल्या, "माझा रफू कुठं गेला?"

धनी ऐटीत म्हणाले, "मावशी, त्यो मागनं घातल्याला. उसवून टाकला. आता मॅचच्या दिवशी हुती तशीच हाय बघा."

"मागनं? हाफटायमाला घातलाय त्यो! पयल्या हाफात ह्यांची बाही टरकली. मी गेटाजवळ गजरं इकत हुते, त्याच सुईदोऱ्यानं अंगावरच शिवली. अंगावर शिवताना तोंडात काडी धरत्यात, म्हणून ह्येनी गवताची काडी धरली, आन् तशीच काडी तोंडात ठिवून पेनल्टी अडीवली."

जाणकाराचा फोन लागेना. धन्याची मान खाली गेली, आणि खरे लिहितो, आम्हांसही लाज वाटली.

"मावशी, पाया पडतो, परत घाला," धनी म्हणाले.

"घालते की. पर अंगावरच घालाय पायजे."

मग कायदा गुंडाळून कुलूप काढिले. धन्याने आपला देह देऊ केला, परंतु जर्सी गळ्यापाशीच अडली. मग सुबरावांनी घातली आणि तोंडात काडी धरिली, आणि आक्काताईंनी चष्मा पुसून पहिल्यासारखेच टाके घातले आणि दातांनी दोरा तोडिला. धनी हातमोजे चढवून पुढे सरले.

"ऱ्हाऊ द्या, साहेब," आक्काताई म्हणाल्या. "ह्यो आजचा रफू. मॅचचा न्हवं. तुमच्या पेटीत चालायचा न्हाई."

आणि नवऱ्याचा हात धरून चालत्या जाहल्या. अडविण्याची कोणाची छाती जाहली नाही.

एणेंप्रमाणे वर्तमान. धन्यापाशी एकोणचाळीस अंतिम सामने, सुबरावांपाशी आक्काताई. कोणाची दौलत मोठी, हे धन्याने विचारिले नाही, आम्ही सांगितले नाही.